चावी नतेलाकडे आहे

अश्लेषा, चावी नतेलाकडे आहे, तळमजल्यावर.
द्राक्षाच्या वेलाखाली लाल बादली उपडी घालून
जी बसलेली असेल, ती.
"गमर्जोबा" म्हण. तेवढं पुरतं.
पुढचं ती बोलेल, तू मान हलव.

लिफ्ट पैसे खाते. थट्टा नाही,
आतल्या डबीत नाणं पडल्याशिवाय हलत नाही ती.
वर जायला पैसे, उतरायला फुकट.
सुट्टी नाणी लोणच्याच्या बरणीत ठेवलीत,
दोनदा धुऊनही वास गेलेला नाही बरणीचा,
आता नाण्यांना लागलाय.

तू तिबिलिसीतली दहा ठिकाणं मागितलीस.
दहा कुठून आणू?
सात वर्षं झाली, तरी मी अजून
तीन महिन्यांसाठीच आलेली आहे.

पावाचं सांगते. कोपऱ्यावरच्या तळघरात गुराम
कमरेपर्यंत भट्टीत वाकतो
आणि आतल्या भिंतीला कणीक थापतो.
पावाला इथे पुरी म्हणतात.
पहिल्या दिवशी ऐकलं आणि तोंडात श्रीखंड आलं,
हातात आली हातभर होडी.
(मामा म्हणजे बाप, हेही आत्ताच लक्षात ठेव.
मी एका बापाला भलतंच विचारून बसले होते.)

खिंकाली खा. मोदकाची सावत्र बहीण,
पण पोटात रस्सा.
काटा लावलास तर शेजारचं टेबल उसासा टाकेल.
शेंडीला धर, कडेला चावा घे, आधी पी, मग खा.
शेंड्या ताटातच ठेवायच्या,
कुणी किती खाल्ल्या ते त्यावरून मोजतात.
मी अकरापर्यंत गेलेय. कुणाला सांगू नकोस.

काझबेगीला जा, दिदुबेहून मार्शरूटका सुटतात.
ड्रायव्हरशेजारी बसू नकोस,
तो डोंगर दोन्ही हातांनी दाखवतो.

गंधकाच्या न्हाणीत लामारा पाठ घासेल.
तिच्या हाताखालून उठले की
चार प्रकरणं कमी झाल्यासारखं वाटतं,
बहुतेक तीच, जी काढायला हवी होती.

नाटकबिटक बघ हवं तर, कळणार नाही.
त्यापेक्षा गुरुवारी शाळेच्या तळघरात जा.
बस डेपोतले सात जण तिथे तीन सुरांत गातात,
मध्येच थांबून भांडतात, परत तिथूनच उचलतात.
तिकीट नाही. मूठभर अक्रोड ने.

आता अवघड गोष्ट.

टेबलावरचा गठ्ठा म्हणजे कादंबरी.
चारशे साठ पानं, आणि त्यांत
ना ही गल्ली, ना ही भट्टी, ना ही लिफ्ट.
सगळं साताऱ्यातलं,
जिथल्या दुधाचा भाव आता मला विचारून घ्यावा लागतो.

नतेलानं एकदा विचारलं, मी आहे का त्यात?
बाहेर बर्फ होता, तिनं नुकतंच मला बीन्सचं सूप आणून दिलं होतं.
म्हटलं, आहेस ना. पान एकशे बारा.

दुसऱ्या दिवशी सगळ्या अंगणाला ठाऊक.
गुराम पाव देताना आकडा म्हणतो, एकशे बारा.
लामारा विचारते, मग माझं कोणतं?

मी बातुमीला जातेय ते शेवट लिहायला,
असं सगळ्यांना सांगितलंय. तूही तेच सांग.
आणि नतेला वर येईल. येईलच,
जिन्यानं, लिफ्टचे पैसे वाचवून,
चष्मा लावून, केस विंचरून, हात पुसत.
म्हणेल, तुला ती भाषा येते, वाचून दाखव.

एकशे बारावर एक माणूस
स्कूटरची चावी शोधतोय. बाकी काही नाही.
खिसे, फडताळ, परत खिसे.

तू ते वाच. सावकाश वाच.
तीन-चार ठिकाणी तिचं नाव घाल,
जिथे तो थांबतो तिथे.
ती रडली तर रडू दे, पाणी दे,
आणि नाव कुठे कुठे घातलंस
तिथे पेन्सिलीनं खूण करून ठेव.

मला लागेल.